काकीच्या तळहाताखालचं वाक्य

काकी कागदावर हात ठेवायची. नुसतं बोट नव्हे, अख्खा तळहात, पाची बोटं पसरून, वासराच्या कपाळावर ठेवावा तसा. एक ओळ वाचून झाली की ती हाताखाली झाकायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "आते आयक."

मग ती ओळ आपल्या भाषेत सांगायची. सांगता सांगता अडखळली आणि ओळ पुन्हा बघायला तिला हात उचलावा लागला, की निकाल लागला. "हात उचलना," ती जाहीर करायची, "तुन्हं वाक्य नापास."

वाक्य नापास, बरं का. काकी स्वतः कधी नापास व्हायची नाही. पुस्तक कळलं नाही की आपण वाचणारे मान खाली घालतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. काकीची मान कधी खाली गेली नाही. खाली जायची ती माझी.

मी तेव्हा शहाद्यात शेतकऱ्यांच्या एका सहकारी संघात नोकरीला होतो. संघाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नंदुरबारचा वेगळा जिल्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, मोठी कामं सगळी धुळ्याला चालायची. संघ बियाणं, खतं, औषधं विकायचा आणि त्यांच्याबरोबर ती कशी वापरायची हे सांगणारं पत्रक फुकट द्यायचा. ती पत्रकं लिहिणं हे माझं काम. मॅट्रिकला मराठीत मला बरे गुण पडले होते आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. 'उपरोक्त', 'तत्पूर्वी', 'यथावकाश' असले शब्द मी पत्रकात मुक्तहस्ताने पेरायचो. पीक काय यायचं ते बाजाराच्या दिवशी दिसायचं. माझ्या पत्रकांत लोक तंबाखू बांधून नेत.

आमचे व्यवस्थापक आकड्यांचे भक्त. एकदा त्यांनी मला बोलावून विचारलं, "ही पत्रकं लोकांना कितपत कळतात? मला मोजून सांगा."

आता कळणं कसं मोजायचं? मी संघाच्या दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागलो, "पत्रक समजलं का?" सगळे म्हणायचे, "हो ना भाऊ, समजनं." एक जण तर पत्रक उलटं धरून समजलं म्हणाला. आमच्याकडे लिहिणाऱ्याला तोंडावर 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे पंगतीत बसून यजमानाला भाजी बिघडली म्हणण्यासारखं होतं. कुणी म्हणायचं नाही. मी व्यवस्थापकांना आनंदाने सांगितलं की शंभर टक्के लोकांना कळतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

त्याच आठवड्यात ही बाई आली. ब्राह्मणपुरीच्या गुजर घरातली, पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. नवरा शेतात रमणारा, त्यामुळे बाजारव्यवहार हिच्याकडे. हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे. गावात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा ही सगळ्यांच्या आधी पाटी घेऊन बसली होती, आणि वाचायला येऊ लागल्यापासून समोर येईल ते वाचत सुटली होती. दुकानांच्या पाट्या, काडेपेटीची पाठ, एस.टी.तल्या सूचना. घरात गुजरी बोलायची, बाजारात अहिराणी, आणि मामलेदाराशी मराठी, तीही हुकमी. संघातले सगळे तिला काकी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो.

मी तिलाही तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "समजनं का नही, हाई माले नको ईचारू. मी सांगस, तू आयक. मंग तूच ठरव."

आणि तिने माझ्या पत्रकावर पहिल्यांदा हात ठेवला. पहिल्याच ओळीला उचलला. दुसऱ्या ओळीलाही उचलला. तिसऱ्या ओळीत ती थांबली.

"यथावकाश म्हंजे कवय?"

"म्हणजे... जमेल तेव्हा."

"जवय जमई तवय?"

"हो."

"मंग तसंच लिख ना, बापू. कागद लहान शे का?"

आत व्यवस्थापक ऐकत होते. ते बाहेर आले, तिच्यासाठी चहा मागवला आणि मला म्हणाले, "हे बघा, हे झालं मोजणं."

त्या दिवसापासून रिवाजच पडला. छापायला जाण्याआधी प्रत्येक पत्रक काकीसमोर यायचं. बाजाराच्या दिवशी ती आली की दाराजवळच्या बाकावर तिची जागा मोकळी करायची, बशीतून चहा द्यायचा आणि कागद पुढे करायचा. तिने हात उचलला की मी समासात एक रेघ ओढायची. समासात रेघांची गर्दी झाली की पत्रक परत माझ्या टेबलावर. रेघा कमी होईपर्यंत मी ते पुन्हापुन्हा लिहायचं. व्यवस्थापकांना त्या रेघांचं भारी कौतुक. कुणी पाहुणा आला की ते माझे रेघाळलेले कागद त्याला दाखवायचे, आणि मी कुठेतरी काम काढून निघून जायचो.

काकीचं सांगणं नुसतं तोंडाचं नसायचं. 'खत मुळाजवळ न टाकता वीतभर अंतरावर टाकावे' असं वाचलं की तिचा डावा हात कागदावर आणि उजवा हवेत खत टाकत असायचा, अगदी वीत मोजून. 'पाणी द्यावे' आलं की ती बाकावरच वाकून पाण्याचा दांड फोडायची. ओळीत जे करायचं असेल ते हाताने होईना झालं की ती थांबायची. "हात आडकना," म्हणायची. हात अडकणं हे हात उचलण्यापेक्षा वाईट, त्याला दोन रेघा.

माझी थट्टा हा तिचा दुसरा आवडता उद्योग. "तुले पोरगी कोन दी रे?" ती भर संघात विचारायची. "मांडवमाबी यथावकाश म्हनशी." सगळे हसायचे. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर मी गुपचूप तिला दाखवून घेतला, हे माझ्या बायकोला अजून माहीत नाही. तिथेही काकीने दोनदा हात उचलला होता.

मी तिचा राग करत नसे असं नाही. वाक्य जुळवायला मला अख्खी सकाळ लागायची आणि ती ते चहाच्या एका घोटात मोडायची. पण ती गेल्यावर मोडलेलं वाक्य पुन्हा बघितलं की वाटायचं, बरं झालं मोडलं. आणि खरं सांगायचं तर बाजाराच्या दिवसाची मी वाट बघायचो.

हळूहळू समास कोरे होऊ लागले. पहिल्या वर्षी रेघांनी भरलेले कागद, पुढच्या वर्षी तुरळक, आणि त्यानंतर तर काकी अख्खं पत्रक एका दमात सांगून मोकळी व्हायची. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, लेखन सुधारलं म्हणाले. मी महिनाभर जमिनीपासून थोडा वरूनच चालत होतो.

एक बदल मात्र दिसत होता. काकी आता पहिल्या ओळीवर हात ठेवण्याआधी सगळ्या कागदावरून एकदा भरभर नजर फिरवायची, थेट खालपर्यंत. मी हसून विचारलं तर म्हणाली, "तुन्ही खोड माले माहीत शे. महत्त्वानं ते तू बठासना शेवट लिखस." महत्त्वाचं तेवढं मी सगळ्यात शेवटी लिहितो, म्हणे. आम्ही दोघंही हसलो. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही आणि मलाही नाही.

मग ते सरकीचं पत्रक आलं.

कापूस पिकवणाऱ्या घराला सरकी म्हणजे काय हे सांगायला नको, पण तुम्ही शहरातले असाल तर सांगतो. सरकी म्हणजे कापसाचं बी. तेच पेरायचं आणि तेच बैलांना भिजवून खाऊ घालायचं, विशेषतः पेरणीच्या तोंडावर, ओढायला ताकद यावी म्हणून. घरात पोतं एकच असायचं. त्या वर्षी संघाने बियाण्याला लावायची नवी पूड आणली होती. बुरशीवर उत्तम, पण जहाल विषारी.

पत्रक पाच ओळींचं. सरकी शेणमातीत चोळून सावलीत वाळवा. वाळली की मडक्यात घालून वर पूड टाका. मडक्याचं तोंड बांधून ते जमिनीवर गडगडत फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेरा. आणि पाचवी ओळ: हे सगळं सुरू करण्याआधी बैलांच्या खाण्याची सरकी वेगळी काढून ठेवा, कारण पूड लावलेली सरकी विषारी असते.

एकही अवघड शब्द नव्हता. काकीने नजर फिरवली, हात ठेवला आणि सांगू लागली. तिने आधी बैलांची सरकी बाजूला काढली, मग शेणमाती कालवली, मग मडकं फिरवलं, सगळं बाकावर बसून, हातवाऱ्यांसकट. एकदाही हात उचलला नाही. समास कोरा. "पास," ती म्हणाली, आणि जाताना चार पत्रकं पिशवीत टाकून घेऊन गेली. तिची धाकटी मुलगी नंदुरबारकडच्या कोरीटला दिली होती. ती सातवीपर्यंत शिकलेली, आणि आईने पास केलेलं प्रत्येक पत्रक सासरी मोठ्याने वाचून दाखवायची तिला हौस.

पेरणी अगदी तोंडावर आली असताना बाजाराच्या दिवशी सकाळी काकी बाकावर बसली होती. पहिल्या एस.टी.ने कोरीटचा एक माणूस आला. धापा टाकत होता. काकीला बघून तो जागीच थांबला.

"काकी, तुमना व्याहीना बैलनी दवावाली सरकी खाई लिधी. कालदिन संध्याकायपाईन नुसता उभा शे. रवंथ करी नही ऱ्हायना."

काकीने बशी खाली ठेवली. तिने पहिला प्रश्न विचारला तो बैलाबद्दल नव्हता.

"पोरले कोनी काही बोलनं का?"

त्या माणसाने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "बोलनं नही कोनी. पन सासू गप शे."

गप्प सासू म्हणजे काय हे काकीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. कागद सुनेने वाचला, कागद सुनेच्या आईने पास केलेला, आणि बैल गेला तर ऐन पेरणीत घराचा एक हात गेला. उद्या कुणी तोंडाने म्हटलं नाही तरी ते त्या घराच्या भिंतींत राहिलं असतं. मुलीचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती.

व्यवस्थापकांनी कपाटातली उरलेली सगळी पत्रकं बाहेर काढली आणि गावोगाव माणसं पाठवली, दवंडी द्यायला सांगितलं. मला म्हणाले, "तुम्ही काकींबरोबर जा." गुरांचा डॉक्टर पहाटेच कोरीटला पोहोचला होता असं कळलं, तेवढाच आधार.

आम्ही नंदुरबारकडच्या एस.टी.त बसलो. काकीने काही वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग माझ्याकडे पत्रक मागितलं, मांडीवर पसरलं, आणि यावेळी नजर खाली जाऊ दिली नाही. खालच्या ओळी तिने पदराने झाकल्या. पहिली ओळ वाचली, आणि तिचे हात हवेत सरकी चोळू लागले. मी बघत होतो. दुसरी ओळ. हातांनी मडक्यात सरकी ओतली. पोतंभर ओतली असावी, कारण ती बराच वेळ ओतत होती. तिसरी, चौथी. मग पदर सरकवून तिने पाचवी ओळ वाचली आणि तिचे हात थांबले.

"सरकी ते बठी मडकामा गयी," ती हळूच म्हणाली. "आते बाजूले काय काढू?"

मला एकदम सगळं दिसलं. मुलगी ओळ वाचत असणार, सासरा ती करत असणार, मग पुढची ओळ. नवं वाचायला लागलेलं माणूस, किंवा ऐकून करणारं माणूस, तसंच करतं. आधी सगळा कागद बघून मग काम सुरू करायचं हे कुणाला सुचणार? पूर्वी काकीलाही सुचत नव्हतं. माझी पत्रकं वाचून वाचून ती माझ्या खोडी शिकली होती. माझं चुकलेलं ती वाचता वाचता दुरुस्त करून घ्यायची आणि मग पास म्हणायची. कोरे समास माझे नव्हतेच, तिचे होते.

"मन्हं माप खोटं व्हयनं, भाऊ," काकी म्हणाली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. तिने हातानेच मला थांबवलं.

कोरीटला अंगणात माणसं जमली होती. बैल लिंबाखाली उभा, मान खाली, कान पडलेले. दुसरा बैल लांब बांधलेला, त्याने तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरांनी औषध पाजलं होतं आणि ते ओट्यावर बसून होते. म्हणाले, "दोन घासच गेलेत, सूनबाईने वेळेवर टोपली ओढली. आता रवंथ सुरू झालं की भ्यायचं कारण नाही. तोपर्यंत मला विचारू नका."

मुलीचं असं झालं होतं की पाचवी ओळ वाचायला घेतली तेव्हा सासरे त्याच मडक्यातल्या सरकीची टोपली गोठ्यात ठेवत होते. ती ओरडत धावली आणि बैलाच्या तोंडासमोरची टोपली ओढताना पडली. कोपर खरचटलं होतं. आता ती चौकटीला टेकून उभी होती आणि आईकडे बघत नव्हती. सासू चुलीपाशी. व्याही बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे, मोठ्या मिशांचे, भारदस्त, पण चेहरा उतरलेला.

कुणी चहाचं नाव काढलं नाही. पाहुणा दारात आल्यावर चहा न मांडला जाणं मी त्या भागात तेवढं एकदाच पाहिलं. काकी मुलीजवळ गेली नाही. ती सरळ बैलासमोर जाऊन जमिनीवर बसली आणि त्याच्या जबड्याकडे बघत राहिली. मीही बसलो. ऊन अंगणात सरकत होतं. मी लिहिलेल्या पाच ओळींसाठी इतकी माणसं एका जनावराच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आधी बैलाने एक कान हलवला. मग शेपटी. मग गळ्याखालून काहीतरी वर सरकताना दिसलं आणि त्याचा खालचा जबडा आडवा फिरला.

"देखा, देखा!" व्याही ओरडले. "चावी ऱ्हायना!"

डॉक्टर उठले, जवळ गेले, हसले. अंगणातली सगळी माणसं एकदम बोलू लागली. सासूने चुलीपाशीच डोळ्यांना पदर लावला. आणि काकी जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे गळत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"पोरी," ती तशीच ओरडली, "आते च्या मांड!"

चहा झाला. मग काकीने व्याह्यांकडे बघितलं. सासूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "व्याही, पोरनी वाचं ते बराबर. तुम्हीन करं तेबी बराबर. कागद उलटा शे. जे पहिले करानं ते शेवट लिखेल शे. आनि तो कागद मी पास करेल शे."

व्याही मिशांतून म्हणाले, "छापेल कागद उलटा कसा ऱ्हाई?"

काकी त्यांच्याकडे बघतच राहिली. छापलेल्या ओळीवर इतका विश्वास, आणि ओळीमागून ओळ करत जाणारे हात. तिच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं हसू दिसलं. मांडव आणि यथावकाश बोलताना दिसायचं ते.

निघताना सासू मुलीच्या कोपराला हळद लावत होती. "आशी कशी पडनी व माय," असं काहीतरी पुटपुटत होती. काकीने ते ऐकलं, आणि मगच चप्पल पायात घातली.

दुसऱ्या दिवशी गावोगावची माणसं परतली. बाकी कुठेही जनावराला काही झालं नव्हतं. बहुतेकांनी पूड अजून उघडलीच नव्हती, आणि पत्रक तर कुणी वाचलंच नव्हतं. सगळं तंबाखूच्या कामी आलं होतं. माझी पत्रकं कुणी वाचत नाही याचा असा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. व्यवस्थापक टेबलावर डोकं ठेवून खूप वेळ बसले, आणि उठले तेव्हा त्यांनी सगळ्या संघाला पेढे वाटले.

काकी पुढच्या बाजारी आली ती बाकावर बसली नाही. "पायलीना बूड खोल गया ते तिनामा धान मोजतस नही," ती म्हणाली. "दुसरा मानूस देखा. जो तुमना कागद कधी देखेल नही आशा."

व्यवस्थापक म्हणाले, "अहो काकी, तुमच्याइतकं चांगलं वाचणारं आम्हाला कोण मिळणार?"

"म्हनीसनच ते मी नको," काकी म्हणाली.

दुसरा माणूस तिनेच आणला. व्याही! मिशांना तेल लावून, नवी टोपी घालून, कोरीटहून संघात हजर. वाचायला त्यांना जेमतेम येत होतं, बोट ठेवून, खणखणीत आवाजात. पण काकीने जे हेरलं होतं ते खरं होतं. पहिली ओळ प्रत्यक्ष केल्याशिवाय ते दुसरीकडे जातच नसत. 'मडक्यात घाला' वाचलं की बोट तिथेच ठेवून इकडे तिकडे बघायचे. "मडकं कोठे शे?" मडकं नाही म्हटलं तर कागद मिटून बसायचे. शेवटी संघाने एक मडकं, पायलीभर सरकी आणि पुडीऐवजी चुलीची राख आणून ठेवली. व्यवस्थापकांच्या खोलीत एवढा मोठा माणूस जमिनीवर मडकं गडगडवतोय, असा देखावा मी कित्येकदा पाहिला. सरकीचं पत्रक मी पुन्हा लिहिलं. पहिली ओळ बैलांची. व्याह्यांनी सरकीचा ढीग बाजूला काढला, त्यावर आपली टोपी ठेवली, आणि मगच दुसऱ्या ओळीकडे गेले. माझ्या समासात तेव्हा एकही रेघ पडली नाही, ती माझी खरी कमाई.

काकी दर वेळी त्यांच्याबरोबर यायची, पण आत नाही. ती बाहेर ओट्यावर, दाराकडे पाठ करून बसायची. आतून व्याह्यांचा आवाज अडखळला की तिची पाठ ताठ व्हायची. त्यांना ओळ जमली की खांदे सैल पडायचे. मी कागदापेक्षा त्या पाठीवर जास्त लक्ष ठेवायचो. दोनतीन वर्षांनी व्याहीही फार हुशार झाले, नजर खाली पळवू लागले, तेव्हा काकीने त्यांनाही बाजूला केलं आणि तिसरं माणूस शोधून आणलं. सातपुड्यातून ऊसतोडीला उतरलेली एक पावरा बाई, नुकतंच वाचायला शिकलेली. व्याही रुसले. मग तेही काकीबरोबर बाहेर ओट्यावर येऊन बसू लागले. दोघं आपापल्या शेताच्या गप्पा मारायचे, कान मात्र आत.

एकदा, फवारणीच्या औषधाचं पत्रक होतं, मला स्वतःलाच धास्ती वाटत होती. मी कागद घेऊन ओट्यावर गेलो. म्हटलं, "काकी, एकदाच बघून द्या. मनाला बरं वाटेल."

तिने चटकन तोंड फिरवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"नको दखाडू, भाऊ," ती म्हणाली. "देखसू ते माले समजी जाई."

मी कागद घेऊन आत आलो. आत पावरा बाई वाचत होती, थांबत होती, पुन्हा वाचत होती. दोन ओळी मला पुन्हा लिहाव्या लागल्या. बाहेर येऊन बघितलं तर काकी तशीच बसली होती. मी म्हटलं, "झालं." मगच तिने डोळे उघडले.

पुढच्या हंगामाला व्याही एकटेच आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. काकी कापूस वेचून घरी आली, पाणी मागितलं, आणि पाणी येण्याआधीच गेली, एवढंच ते म्हणाले. मी त्यांना आत बोलावलं. ते नाही म्हणाले. ओट्यावर जाऊन बसले, दाराकडे पाठ करून, एका कडेला, दुसऱ्या माणसाची जागा सोडून.